बाहुल्यांशेजारचं स्टूल

जुन्या मऊ धोतरातून सुटून बाहेर येणारी ती राजा-राणीची लाकडी जोडी... तांबडं अंग, डांबरगोळ्यांचा वास आणि कधीच न मिटणारे टपोरे डोळे. म्हैसूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांतही दसऱ्याला बाहुल्या मांडायची रीत मुरलेली. पांढऱ्या चादरीच्या पायऱ्या, त्यांवर देव, शिपाई, वाणी-वाणीण — आणि कडेला एक स्टूल. त्यावर माझी थोरली बहीण, अक्का बसे. मला त्या स्टुलाची भीती वाटायची.

हळदीकुंकवाच्या बायका बाहुल्या पाहून झाल्या की अक्काकडे वळत. आमचे वडील, अण्णा, मोठमोठे गुणाकार घालत आणि ती क्षणात उत्तर देई, की बायका टाळ्या वाजवत. गणित तिच्या हातचा मळ होता. पण एखादं उत्तर रेंगाळलं, की अण्णा हसत तो प्रश्न सोडून सोपा विचारत. त्या इवल्या शांततेत अक्काची नखं फ्रॉकच्या घेरात रुतलेली मला खालून दिसत...

एकदा शेजारच्या गणिताच्या बाईंनी असं कोडं घातलं, ज्याला अख्खी दुपार लागली असती. अण्णांनी लगेच विषय बदलला.

"थोडं अडू दे की हो तिला," बाई म्हणाल्या.

"सुम्ने, उगाच कशाला, बाई? आमच्या पोरीचं काही अडतच नाही."

उसळीच्या वाट्या फिरल्या आणि बोलणं तिथंच राहिलं.

मी मात्र रोज अडायची, रडायची, खोडून पुन्हा बसायची. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, हेच माझं नशीब. अक्काला न सुटणारं गणित पहिल्यांदा भेटलं ते कॉलेजात. तिला वाटलं, आपली बुद्धी संपली. घरी सांगणार तरी कसं? दुसऱ्याच वर्षी तिनं कॉलेज सोडलं आणि पुस्तकं माळ्यावर टाकली — बाहुल्यांच्या पेटीशेजारी. मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो.

आता ती हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी सांभाळते. यंदा बाहुल्या माझ्या घरी मांडल्या. अण्णा थकलेत, पण माझ्या लेकीसाठी त्यांनी स्वतः स्टूल ओढलं, गुणाकार घातला, तिनं झटक्यात सोडवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातून अक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि लेकीला उतरवून चटईवर आपल्यापाशी घेऊन बसली.

"आता मी विचारते. तुला न येणारं," ती म्हणाली. "आणि अण्णा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

लेक अडली. अण्णांचे ओठ हलू लागले, आणि लेकीची नखं फ्रॉकच्या घेरात रुतताना मला दिसली... अक्कानं त्या मुठीवर आपला हात ठेवला, आणि ती वाट पाहत राहिली.