गुलाबांवर मारलेलं औषध

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी फार कमी बोलायचे. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, अवसरी खुर्दच्या बाहेरच्या एका वस्तीवरचं, आणि सासर पुण्याचं. तोंड उघडलं की चुकून "न्हाई" निघायचं, आणि मग सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघायच्या. त्यांनी कधी टोकलं नाही, पण ते बघणं मला पुरायचं. त्यामुळे काही सांगायचं असलं की मी आधी वाक्य मनात नीट जुळवायचे. बहुतेक वेळा ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, नवरा, मी आणि सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणत म्हणून मीही दादाच म्हणू लागले. ते कारखान्यात मशिनांची ड्रॉइंग काढायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकच्या शिवेला त्यांच्या आत्याचं घर होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं, तिनं ते दादांच्या नावावर केलं. दगडी जोतं, कौलं, पुढे लांब पडवी आणि मागे विहिरीपर्यंत पसरलेलं परसू. दादांनी त्या परसात बाग केली होती. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आम्ही तिथे जायचो. दादा माती उकरायचे, सासूबाई गुलाबांशी बोलायच्या आणि नवरा पडवीत बाजेवर पेपर तोंडावर घेऊन झोपायचा. मला ते दिवस आवडायचे. तिथे मातीत हात घातला तर मला कुणी हसणार नव्हतं.

मी सांगते तो शनिवार माघातला. गावात अजून मोबाइल आलेले नव्हते. आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. सासूबाई चपला न काढताच मागे गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. गुलाबांच्या कळ्या काळ्या पडल्या होत्या. त्यांनी एका कळीवर बोट फिरवलं तर बोटाला हिरवट चिकट लागलं. मावा पडला होता, नऊच्या नऊ झाडांवर.

"पंधरा दिवसांपूर्वी एकावरही नव्हता हो," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की दादा लगेच बांधापलीकडच्या शेजाऱ्यांकडे गेले.

शेजारी कांदा आणि टोमॅटो करायचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. थोड्या वेळानं ते स्वतःच पाठीवरचा पंप आणि एक अर्धा रिकामा डबा घेऊन आले. डब्यावरचा कागद भिजून गेलेला होता, त्यावरचा विषाचा लाल त्रिकोण तेवढा दिसत होता.

"दादा, ह्ये अळीचं औषध हाय, लई कडक," भाऊ म्हणाले. "पंपाला एक टोपण बास. आन् फुल बाह्याचं घाला अंगात. पंपाचा वायसर ढिला झालाय, टाकी काठोकाठ भरू नका, न्हाईतर पाठीवर गळंल."

"अहो भाऊ, मी जन्मभर मशिनांतच होतो," दादा हसून म्हणाले.

त्यांनी टोपण उघडलं आणि वारा माझ्याकडे होता म्हणून वास मला आला. कुजलेल्या लसणासारखा.

तो वास मी ओळखत होते. मी नववीत असताना माझ्या धाकट्या चुलत्यांनी टोमॅटोवर औषध मारलं आणि दुपारी ते बांधावर बसून राहिले. हाक मारली तर ओ देईनात. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. माझ्या वडिलांनी त्यांची मान वर केली, डोळे पाहिले आणि जागेवरच त्यांचे कपडे फाडून काढले. मग त्यांना विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली बसवलं. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली की औषध अंगात भिनलं असं समजायचं, हे वडिलांनी आम्हाला नंतर सांगितलं. चुलते वाचले.

दादांनी शर्ट काढून खुंटीला टांगला. आत बनियन, खाली हाफपँट, पायांत काही नाही.

"दादा, शर्ट घालता का अंगात?" मी विचारलं.

"आणि घामानं भिजला तर धुणार कोण? तूच ना?"

सासूबाई हसल्या. मीही हसले. इतकंच बोलणं झालं.

त्यांनी टाकीत एक टोपण ओतलं, गुलाबांकडे पाहिलं आणि आणखी एक ओतलं. पाणी काठापर्यंत भरलं. मी हातात रिकामी कळशी घेऊन शेजारी उभी होते. भाऊंचं सांगणं मी ऐकलं होतं आणि दादांनी केलेलं पाहिलं होतं, आणि मी गप्प राहिले. वारा विहिरीकडून होता. दादा त्याच्या तोंडावरच फवारत होते आणि धुकं उलटून त्यांच्या दाढीवर बसत होतं. दोन-तीन झाडं झाली तोवर पंपाच्या बुडापासून एक ओला पट्टा बनियनवर उतरला, मग कंबरेपर्यंत गेला. दादा मजेत होते. शीळ घालत होते.

काम झाल्यावर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, नीट. मग जेवायला बसले. मी पिठलं-भाकरी केली होती. दोन भाकरी खाऊन ते पडवीतल्या दुसऱ्या बाजेवर आडवे झाले, त्याच बनियनवर. "याच्यापुढे काही नको बघ," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. कुशीवर वळले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. ओला पट्टा वाळत आला होता आणि त्याला पिवळट कड उमटली होती.

मी नवऱ्याला आत बोलावलं. "त्यांना आंघोळ करायला सांगा. कपडे बदलायला सांगा."

"आत्ताच तर झोपलेत. कशाला?"

"औषध सांडलंय पाठीवर."

"मग तू सांग ना."

"मी कशी सांगू?"

तो म्हणाला, उठले की सांगतो. आणि विसरला. आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. सासऱ्यांना बनियन काढून आंघोळ करा म्हणणारी सून मला माहीत नव्हती.

मी मागे गेले. गुलाबांखालच्या मातीत मधमाश्या उताण्या पडल्या होत्या, एकीचा पाय अजून हलत होता. एरवी त्या वेळी परसात बुलबुलांची भांडणं चाललेली असत. त्या दिवशी तिथे काहीच आवाज नव्हता. मी परत येऊन भांडी घासायला बसले आणि दर थोड्या वेळानं उठून पडवीत डोकावत राहिले. दादांचा श्वास मला जड वाटत होता. पण झोपलेल्या माणसाचा श्वास जडच असतो, असंही मी स्वतःला सांगत होते.

साडेतीनला ते उठले तेव्हा डोकं धरूनच उठले. "ऊन लागलं बहुतेक," म्हणाले. सारखे थुंकायला पडवीच्या कडेला जात होते. सासूबाईंनी पित्त म्हणून कोकम सरबत दिलं. ते अर्धं प्यायले आणि अर्धं ओकले. ओकल्यावर बरं वाटलं म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा सोडून.

पाचला मी चहा घेऊन बाहेर आले तर दादा पुन्हा पंपाशी वाकलेले. "थोडं उरलंय टाकीत. भाऊंना पंप परत द्यायचाय, औषध वाया कशाला घालवायचं?"

मी ट्रे धरून उभी होते. मनात वाक्य जुळवत होते. दादा, आता पुन्हा नको, सकाळपासून तुमच्या अंगात ते... इथवर आले होते. तोवर त्यांनी पट्टे खांद्यावर चढवले. ते चालायला लागले तेव्हा त्यांचं पाऊल वाकडं पडलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, बेतानं." मी चहाचे कप परत आत नेले.

वीस मिनिटांनी ते पडवीच्या पायरीवर येऊन बसले. पंप बाजूला कलंडला होता. समोरच्या टेकडीवर अजून ऊन होतं.

"दिवा लावा गं कुणीतरी," दादा म्हणाले. "काही दिसेना."

"अहो, चांगला उजेड आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"अंधार झालाय. लावा म्हणतो ना."

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. नमस्काराला पायांना हात लावण्यापलीकडे मी त्यांना कधी शिवले नव्हते. मी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. घाम टपटप गळत होता, ओठांच्या कोपऱ्यात फेस होता, आणि डोळ्यांच्या बाहुल्या जवळजवळ नव्हत्याच. दोन टिंबं होती नुसती.

मग जे ओरडणं माझ्या तोंडून निघालं ते सासरी कुणी ऐकलेलं नव्हतं. "बनेन काढा! आवो, आधी त्यो बनेन काढा!" कुणी हलेना, तेव्हा मीच गळ्यात हात घालून बनियन टराटरा फाडलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाईंनी माझा दंड धरला. मी त्यांचा हात झटकला. नवरा धावत आला. "हौदातनं पानी आना! साबन आना! पँट काढा त्यांची, म्या बघत न्हाई, काढा!" तो काही न विचारता कामाला लागला. आम्ही दोघांनी त्यांच्यावर बादल्यामागून बादल्या ओतल्या. मी त्यांची पाठ साबणानं घासत होते आणि दादा लहान मुलासारखे रडत होते. दुखत होतं म्हणून की लाजेनं, कोण जाणे. सासूबाई तोंडावर पदर धरून खांबाला टेकल्या होत्या.

आरडाओरडा ऐकून भाऊ बांध ओलांडून आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि पिकअप आणायला पळाले. मी तो डबा पिशवीत घालून बरोबर घेतला. नारायणगावपर्यंत दादांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. छातीत घरघर लागली होती आणि दंडाची कातडी आपोआप थरथरत होती. नवरा त्यांना हाका मारत होता. एका वळणानंतर ते ओ देईनासे झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी डब्याचा वास घेतला, बॅटरीनं डोळे पाहिले आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. हात चालू असतानाच त्यांनी विचारलं, "कपडे कुणी काढले?"

"सूनबाईनं," सासूबाई म्हणाल्या. ते कौतुक होतं की गाऱ्हाणं, मला आजही सांगता येणार नाही.

तीन दिवस दादा शुद्धीत असून नसल्यासारखे होते. इंजेक्शनांनी चेहरा लालबुंद झालेला, तोंड कोरडं, आणि हात सारखे हवेत काहीतरी खुडत होते. मध्येच म्हणायचे, "कात्री दे, कात्री." सासूबाई त्यांचे हात धरून बसायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली आणि चहा मागितला. आठवड्यानं आम्ही पुण्याला आलो. संपलं असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायातली चप्पल निसटायला लागली. आधी ते हसले, मग तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, मग पाऊल उचलताना पुढचा पंजा लोंबायला लागला. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, काही औषधं अशी उशिरा पायांत उतरतात. बरं होईल का, यावर त्यांनी "बघू" एवढंच उत्तर दिलं. दादा जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी चढायला लागले.

भाऊ एकदा टोमॅटोची पाटी घेऊन पुण्याला आले. दारातच बसले, आत येईनात. "माज्यामुळं झालं," म्हणाले. दादा त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. "तुम्ही एकच टोपण सांगितलं होतंत," दादा म्हणाले. "मी दोन घातली. तुमचा काय दोष?"

भाऊ गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. सासूबाई आत होत्या.

"तू शेजारीच उभी होतीस ना? टोपणं ओतताना."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो, दादा."

"मग सकाळीच का नाही ओरडलीस?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा होता. माझ्याकडे सांगण्यासारखी पुष्कळ कारणं होती. शर्ट घाला म्हटलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं. पण दिवसभर मी बघत होते आणि दिवसभर मला कळत होतं, हे त्या कारणांनी बदलणार नव्हतं. मी म्हणाले, "भीती वाटली."

"माझी?"

मी मान डोलावली. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "अवघड आहे," म्हणाले. पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर दादा पंखा पुसायला स्टुलावर चढत होते. एक पाऊल वर होतं आणि दुसरं चाचपडत होतं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातले लोक दारात आले. दादा निमूट खाली उतरले, फडकं माझ्या हातात दिलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत मी बोलत राहिले, आणि एकदाही आधी वाक्य जुळवलं नाही.