सगळ्यांचं रक्त काढणारी

लॅबमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधत बसावं लागत नाही. माणूस बाही वर करून खुर्चीत बसला की घरचं सगळं आपोआप बाहेर येतं. आजोबा कशाने गेले, मेव्हण्याचं लिव्हर, शेजारणीचा थायरॉईड! नाशिक रोडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं मी हेच ऐकतेय.

माझं स्वतःचं विचाराल तर बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी हार्टने गेले. मला आता सत्तेचाळिसावं लागलंय. आणि रोज चाळीस जणांचं रक्त काढणाऱ्या बाईने स्वतःचं एकदाही तपासलेलं नाही! भीती वाटते, दुसरं काही नाही. जिना चढताना जरा धाप लागली तरी हात नाडीवर जातो.

*

पिंपळगावचे एक द्राक्षवाले काका परीक्षेला बसल्यासारखे आले. "तीन दिस नुसता कारल्याचा रस हाय पोटात. गोड बंद, भात बंद. काढा लगेच!"

म्हटलं, "काका, या टेस्टमध्ये मागच्या तीन महिन्यांची शुगर कळते."

काकांनी बाही झर्रकन खाली ओढली. "मागचं कशाला उकरून काढता, ताई? पुढच्या तीन महिन्यांची काढा ना!"

*

एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. आमच्या फॉर्मवर घरातल्यांच्या आजारांचा एक रकाना असतो. तो भरायला माझी जोडीदारीण शबाना प्रत्येकाला विचारते.

"आमच्यात कुणालाच शुगर नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "हिनं आणली असेल माहेराहून!"

शबाना महाबिलंदर. "आलाच आहात तर तुमचीही बघू या, आजी," म्हणत तिने त्यांचं बोट टोचलंसुद्धा. सासूबाईंची शुगर सुनेच्या दुप्पट!

"आजी, तुम्ही कुठून आणली?"

सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "वीस वर्षं हिच्या हातचा चहा पितेय. दुसरं काय होणार!"

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली, "साखर त्याच टाकतात, ताई. माझ्याही कपात."

आम्ही खूप हसलो. घरी गेल्यावर मात्र मी आमचा साखरेचा डबा उघडून बराच वेळ बघत उभी होते. बाबांना चहात तीन चमचे लागायचे. मलाही तीनच लागतात.

*

एक हवालदार सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. धिप्पाड माणूस, दणदणीत आवाज. "घाबरायचं नाही, काही होत नाही," असं तिला दहा वेळा सांगून झालं. मी सुई हातात घेतली मात्र, हवालदारसाहेब घामाने डबडबले, डोळे पांढरे, आणि खुर्चीसकट मागे!

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मला विचारलं, "काकू, आता मीपण पडायचं का?"

*

हे जुळ्या भावांचं तर सगळ्या स्टाफला पाठ आहे. दोघं पन्नाशीचे. एक बँकेत, दिवसभर खुर्चीला चिकटलेला. दुसरा इगतपुरीला रेल्वेत, पावसापाण्यात रोज रुळांवरून चालणारा, काटक. बँकवाल्याला डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगर या वेळी उतरली नाही तर इन्सुलिन! पठ्ठ्याने काय करावं? आपल्या नावावर भावाला पाठवून दिलं. चेहरा तोच, आम्हाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी बँकवाला रिपोर्ट घेऊन तणतणत आला. "ही शुगर मागच्यापेक्षा जास्त आहे! हे रक्त माझं नाहीच!"

"अहो, काल मीच तर काढलं तुमच्या हातातून."

"माझ्या नाही, त्याच्या..." आणि ते एकदम थांबले. मटकन बाकावर बसले. मग इगतपुरीला फोन लावला. "ऐक. आधी डॉक्टरकडे जा, मग मला शिव्या घाल."

स्टाफ हसून हसून बेजार. मला काही हसू येईना. रोज मैलोन्‌मैल चालणारा माणूस सुटला नाही, तिथे मी तर स्कूटीवर फिरणारी बाई. त्या दिवशी चार वेळा नाडी मोजली, चारही वेळा वेगळी आली!

*

गेल्या रविवारी बहात्तर वर्षांच्या माझ्या आईने सकाळीच जाहीर केलं, "मला रक्त तपासायचंय." आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली बाई! मला बरंच वाटलं. स्कूटीवर बसवून तिला लॅबमध्ये आणलं. शबाना फॉर्म घेऊन बसली.

"आजी, घरात कुणाला काही आजार?"

"ह्यांना होता."

"नवऱ्याचा नाही चालत. रक्ताचं नातं लागतं."

"मग लेकीला आहे."

मी दचकले. शबानाने पेन सरसावलं. "काय आहे?"

"डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी घेऊन फिरायचा आजार," आई म्हणाली. "ह्यांच्या शर्टाच्या खिशात सहा महिने होती, ते जाईपर्यंत. हिच्या पर्समध्ये दिवाळीपासून आहे."

बाबांच्या चिठ्ठीबद्दल मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आई, आज नको. त्याला उपाशी पोटी यावं लागतं."

आई खुर्चीतून उठली आणि माझ्या दंडाला धरून तिने मला तिथे बसवलं.

"उपाशीच आहेस. दूध नासलंय म्हणून मीच खोटं सांगितलं सकाळी. बाही वर कर!"