काळ्या कागदावरचं जळकोट

ती सकाळ मला आजही लख्ख आठवते. लातूरच्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट करायची. आता निवृत्त आहे. शिक्षण चौथीपर्यंत. साहेब लोकांसमोर माझं तोंड उघडायचं नाही.

भूकंपानंतरची ती वर्षं. घरं उभी होती, तरी माणसं आत झोपायला भ्यायची. अंगणात तुराट्यांची खोपटं घालून राहायची. म्हणून परसात कचरा, पाला पेटवायला नगरपालिकेची मनाई होती. तरी आमच्या हद्दीत दोन खोपटं जळाली. माणसं तेवढी वाचली.

खबर घेऊन एक घरमालक आला. कोचिंगला आलेल्या मुलींना तो खोल्या द्यायचा. "जमादारसाहेब, शेजारच्या पिंजाऱ्यानं कापसाचा कचरा पेटवला. म्या डोळ्यानं पाह्यलं."

पिंजारी म्हणजे गाद्या भरणारे म्हातारे चाचा. त्यांना बोलावलं. "साहेब, कापूस माझी भाकर हाय. भाकर कोणी जाळतं का?"

पण गल्ली ऐकेना. "याला गल्लीतून काढा," म्हणून लोक ठाण्याबाहेर ओरडत होते. गुन्हा नोंदला असता तर चाचांचं जन्माचं घर सुटलं असतं.

आगीचा ढीग दोघांच्या परसामधल्या कुंपणाशी होता. जमादारांनी पंचनामा करून त्यातली राख डब्यात आणली होती. ती त्यांनी वर्तमानपत्रावर ओतली. मी फरशी पुसत होते. माझा हात थांबला.

"अक्का, कामून बघायलीस?"

"काय न्हाई, साहेब."

"बोल की."

"मी रोज राखेनं भांडी घासते. कापसाची राख भुरभुर उडते. ह्याचे पापुद्रे हायत. हा कागद हाय."

घरमालक हसला. "आता झाडूवाली तपास करणार व्हय?"

जमादारांनी बोटानंच त्याला गप्प केलं. एक मोठा पापुद्रा अलगद पुठ्ठ्यावर घेऊन खिडकीशी नेला. काळ्या कागदावर पेन्सिलीचं अक्षर चकाकत होतं.

"वाच, अक्का."

"तुम्हीच वाचा, साहेब."

"तुला दिसलं. तूच वाच."

मी एकेक अक्षर लावलं. ज. ळ. को. ट. पुढे, मा-मा-क-डे. जमादारांना दुसऱ्या अक्षरालाच कळलं असणार. पण ते बोलले नाहीत. माझं वाचून होईपर्यंत पुठ्ठा धरून उभे राहिले.

मग घरमालकाकडे वळले. "चाचाच्या घरची कोणती पोरगी जळकोटला मामाकडं जाते?"

खोल्यांत राहणाऱ्या मुलींनी बाहेर जाताना कुठं चाललो ते लिहायची वही घरमालकाच्याच दारात असायची, पेन्सिल दोरीला बांधलेली. तो बाकावर बसला. "वर्षाची रद्दी हुती, साहेब. वारं सुटलं."

गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. जमादार चाचांना घेऊन स्वतः गल्लीत गेले आणि चाचांनी काही पेटवलं नव्हतं, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून आले.

दरडावून केलेली विचारपूस मी ठाण्यात पुष्कळ ऐकली. गप्प राहूनही तपास होतो, हे त्या माणसाकडून शिकले. आता नात वाचताना अडखळली की पुढचा शब्द माझ्या ओठावर येतो. मी तो गिळते आणि पुस्तक धरून बसते.