पाचवा मोजा

दत्ताभाऊ गेले, हे मला भोसरीच्या वर्कशॉपमध्ये डबा खाताना कळलं. त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन होता. ऐकलं आणि पहिल्यांदा हात गेला तो माझ्या नकली पायाकडे. रडू नंतर आलं. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे…

आम्हा दोघांनाही उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ओळख झाली पिंपरीत, पाय बसवून देतात तिथे. मी मुळात भित्रा. आधाराच्या दांड्या सोडायची माझी छाती होईना. भाऊ लातूरकडचे, आवाज खणखणीत. माझ्यापुढे उलटं चालत, "माझ्याकडं बघ की, खाली काय बघतोस लेका," म्हणत त्यांनी मला चालवलं. शेअर रिक्षात कुठला पाय आधी टाकायचा, तेही त्यांनीच शिकवलं. कापून उरलेला पाय हळूहळू वाळतो, मग नकली पायाची वाटी, म्हणजे सॉकेट, सैल पडतं. तेवढ्यापुरते एकावर एक मोजे चढवायचे. पण तीनच्या पुढे गेलं की नवं सॉकेट करून घ्यायचं, असं त्यांनीच मला बजावलं होतं.

आणि स्वतः पाच घालत होते! नवं सॉकेट म्हणजे तपासणी, आणि डॉक्टरांनी महिनाभर पाय काढून ठेवायला सांगितलं तर? चाकणच्या कंपनीत गेटवरची उभ्याची ड्युटी, जागा कोण धरून ठेवणार? त्यात शुगर. उन्हाळ्यात एकदा माझ्यासमोर त्यांनी मोजे उतरवले, तर आतला रक्ताळलेला. "हिला सांगू नको. घाबरंल ती," वहिनींबद्दल एवढंच म्हणाले. मी नाही सांगितलं. पुढे जखम चिघळली, विष अंगभर पसरलं आणि आठवड्याच्या आत माणूस गेला.

महिन्याने वहिनींकडे गेलो ते कबूल करायचं ठरवूनच. चहा निवून गेला. शेवटी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मोजे मीच धुवायचे की, भाऊजी, रक्त दिसायचंच. मला म्हणले, तुम्हाला कळू द्यायचं नाही, नाहीतर तुम्ही चालायचं सोडून द्याल."

तेव्हापासून रोज कामावरून आलो की दार लावून आरशात पायाचं टोक न्याहाळतो. परवा तिथे लाल चट्टा दिसला. बायकोने विचारलं, तर मी म्हणालो, काही नाही गं… तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून एवढं लिहून झालं की हे कागद आधी तिच्या हातात देणार आहे.