मागच्या चाकाची पट्टी

टायर निवडायला अण्णाला अख्खा रविवार लागला, याचा मला आजही राग येतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मंगळवारी सकाळी अकराला लातुरात माझी मुलाखत, आणि हा माणूस नांदेडच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर मांडी घालून टायरच्या नक्षीवरून अंगठा फिरवत बसला होता. मी त्याच्या मागं उन्हात उभी. दुकानदारानं दोनदा चहा विचारला, अण्णानं दोनदा तो घेतला.

दुकानदार सांगत होता, "मागचं एकच नवीन घ्या, मागचं जुनं पुढं टाका. सगळे तसंच करतेत." अण्णा म्हणाला, "सगळ्यांचं सगळ्यांपाशी. पुढचं चाक घसरलं का माणूस गेला." मग त्यानं पुढच्यासाठी लांब सरळ रेघांचं आणि मागच्यासाठी जाड ठोकळ्यांचं टायर काढायला लावलं. बाजू दाबून बघितल्या. एक परत केलं, कारण म्हणे त्याचं रबर शिळं झालं होतं. रबर कधी शिळं होतं का? मी म्हटलं, "भाजी घेऊन राहिलास का रे?" तो हसला. त्याच्या हसण्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

खरं म्हणजे टायर हवेच होते. गाडी म्हणजे मोटारसायकल, तारांच्या चाकांची, जुनी, आप्पांनी एका ठेकेदाराकडून घेतलेली. तिचे टायर तळव्यासारखे गुळगुळीत झाले होते. त्यात दुष्काळ. चारा कुठं राहिलाच नव्हता, तेव्हा लोक शेळ्यांसाठी रस्त्याकडेच्या बाभळी छाटायचे. पाला शेळ्या खायच्या आणि काटे रस्त्यावर पडायचे. आदल्या आठवड्यात उमरीला पोती पोचवायला गेलेला अण्णा जाता-येता तीनदा पंक्चर होऊन संध्याकाळी घामानं निथळत परत आला होता.

आप्पा, म्हणजे आमचे वडील. त्यांचं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान होतं. आमचं मूळ गाव अहमदपूरकडचं, ते नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्यात गेलं, म्हणून टंकलेखिकेच्या जागेसाठी मला तिथून बोलावणं आलं. आप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा एक बार जाऊन ये. न्हाई जमलं तर उदगीरच्या स्थळाला हाव म्हणायचं. मग रडायचं न्हाई." उदगीरचं स्थळ म्हणजे एक किराणा दुकान, सहा दीर आणि दिवसाला चाळीस भाकरी. मला ती नोकरी पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की स्वयंपाक करताना पोळपाटावर माझी बोटं टाइप करायची.

सकाळची एसटी लातुरात पोचायची साडेबारानंतर. आदल्या दिवशी जाऊन राहावं म्हटलं तर आप्पा म्हणाले, परक्या गावात मुक्काम न्हाई. राहिली ती अण्णाची गाडी. पहाटे निघून चार तासांत पोचायचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी अण्णानं अंगणात दोन्ही चाकं सोडली. जुने टायर काढले, तारा एकेक वाजवून बघितल्या, सैल होत्या त्या आवळल्या. आतल्या रबरी पट्ट्या पुसून ओसरीच्या खुंटीला लटकवल्या. नवे टायर चढवणार तेवढ्यात आप्पा दुकानातून आले.

"थांब," म्हणाले. "उद्या सोमवार हाय. स्वामी येतेत. विभूती लागल्याशिवाय चढवायचं न्हाई."

"मग उद्या विभूती लावून चढवतो."

"सोमवारी?"

झालं. आम्हा लिंगायतांकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा दिवस, बैलाला विसावा. आजोबांच्या काळी ते ठीक होतं, त्यांच्या दावणीला चार बैल होते. आप्पांनी शेती सोडली, गाव सोडलं, बैल विकले, पण सोमवार सोडला नाही. बैलाच्या जागी आता मोटारसायकल, म्हणून सोमवारी तिला किल्ली लावायची नाही आणि तिच्या अंगाला पाना लावायचा नाही. हेडलाइटवर विभूतीची तीन बोटं आणि दिवसभर विसावा. लोखंडाला! मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, गाडी काय कडबा खाती का?" आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.  अण्णानं मुकाट्यानं टायर देवघरात नेऊन ठेवले. त्याचा हा मुकाटपणाच मला सहन व्हायचा नाही.

सोमवारी आमचे जंगम स्वामी आले, टायरला विभूती लागली, टायर देवघरातच राहिले. त्या दिवशी सकाळी नळ आला होता, तिसऱ्या दिवशी, जेमतेम वीस मिनिटं. ड्रम भरला आणि त्याची तोटी ठिबकायला लागली. गोदावरीच्या काठाला राहून आम्ही तांब्यानं पाणी मोजत होतो, त्यात हे ठिबकणं. चिंधी बांधली, चिंधी भिजली. ओसरीवर एक रबर लटकत होतं, ते ओढलं आणि तोटीला चार वेढे देऊन गच्च बांधलं. ठिबकणं थांबलं. आई म्हणाली, "बरं सुचलं बाई तुला." मी पुन्हा माझ्या टायपिंगच्या सरावाला बसले.

मंगळवारी झुंजूमुंजू झालं तसा अण्णा चाकांपाशी बसला. पुढचं चाक झटक्यात झालं. मग त्याचा आवाज आला, "एक पट्टी कुठं गेली गं?"

मी वेणी घालत होते. "कसली पट्टी?"

"चाकातली."

"मला काय माहीत. तुझं सामान तू बघ ना! साडेपाच वाजले."

तो इकडं तिकडं शोधत राहिला. मी आत-बाहेर करत "आटप, आटप" म्हणत राहिले. शेवटी त्यानं आप्पांच्या जुन्या धोतराचा काठ फाडला, पट्टीच्या जागी चाकाला गुंडाळला, वर ट्यूब आणि वर नवं टायर चढवलं. सहाच्या आधी आम्ही निघालो. नव्या टायरवर गाडी काय पळत होती! लोहा कधी गेलं कळलं नाही. मी पहिल्यांदा मनात म्हटलं, बरं झालं यानं रविवार घालवला.

अहमदपूरच्या अलीकडं मागचं चाक डुलायला लागलं. अण्णानं उतरून सगळं टायर हातानं चाचपलं. काटा नाही, खिळा नाही. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, अर्धा तास गेला. पाच-सहा कोसांवर पुन्हा हवा गेली. पुन्हा ठिगळ. मला काही सुचेनासं झालं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. "रविवार घालवलास, नक्ष्या बघितल्यास, रबर शिळं म्हणालास! घे आता ताजं रबर!" बाजूनं पाण्याचा टँकर गेला, त्यातले लोक वळून बघत होते. अण्णा खाली मान घालून पंप मारत होता. साडेदहा वाजले होते.

तिसऱ्यांदा हवा गेली तेव्हा चाकूर जवळ होतं. ढकलत गाडी पंक्चरवाल्याकडं नेली. म्हाताऱ्यानं टायर उघडलं, आतून धोतराचा काठ गोळा होऊन बाहेर आला. त्यानं ट्यूब फिरवून दाखवली. भोकं आतल्या अंगाला होती, रस्त्याच्या अंगाला एकही नव्हतं.

"बाहेरून कायबी न्हाई लागलं," म्हातारा म्हणाला. "तारांची डोकी टोचून राहिलीत. पट्टी कुठं हाय हो?" आणि नीट समजावं म्हणून त्यानं पेटीतून एक काढून दाखवली. बोटभर रुंद, काळी, गोल रबरी पट्टी.

ती मी लगेच ओळखली. कारण तसलीच आमच्या ड्रमच्या तोटीला बांधलेली होती, चार वेढे देऊन.

मी तिथंच खरं सांगायला पाहिजे होतं. निदान गप्प तरी बसायचं. मी आवाज चढवला. म्हाताऱ्यासमोर, चहाच्या टपरीवरच्या लोकांसमोर म्हणाले, "एवढंसं काम जमत न्हाई आणि निघालाय टायरचं दुकान टाकायला!" अण्णाला टायरचं दुकान टाकायचं होतं. आप्पांनी आमच्या दुकानाची पुढची खोली त्याला देतो म्हणून सांगितलं होतं, दिवाळीला. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तिथं मारलं.

लातुरात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. कचेरी भाड्याच्या इमारतीत, भिंतींना अजून चुन्याचा वास. शिपाई म्हणाला, "तीनदा नाव पुकारलं ताई. साहेब जेवायला गेले, यादी बंद झाली." मी साडेतीनपर्यंत बाकावर बसून राहिले. साहेब आले, त्यांनी कागद बघितला आणि परत दिला.

घरी आप्पांनी मला काही विचारलं नाही. अण्णाला विचारलं. अण्णानं सांगितलं, "पट्टी न्हाई बसली, आप्पा. माझी चूक."

"मग तुला दुकान कशाला पाहिजे?" आप्पा म्हणाले. "चाक धड बसंना. उद्यापासून पोत्यांवर बस." ज्यांच्या सोमवारानं अख्खा दिवस खाल्ला, ते हे म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडून मी एवढंच म्हणाले, "मला भूक न्हाई."

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ड्रमपाशी गेले. रबर सोडायचं आणि कुठंतरी फेकून द्यायचं, असं ठरवलं होतं. तोटीला रबर नव्हतं. तिथं सुतळी होती, बारदान्याची, दुहेरी, खाली मेणकापड घालून घट्ट वळलेली. ती गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा. पाणी एक थेंब गळत नव्हतं.

अंगणात अण्णा मागच्या चाकाला तीच पट्टी बसवत होता. माझी चाहूल लागली तरी त्यानं वर बघितलं नाही.

"आज नळ यायचाय," म्हणाला. "घागरी बाहेर काढून ठेव."

मी घागरी काढल्या. मला त्याचा असा राग आला की एकेक घागर मी आपटत ठेवली. एक शिवी दिली असती, आप्पांसमोर माझ्याकडं एकदा बोट केलं असतं, तर मीही भांडले असते, सगळं बाहेर आलं असतं. त्यानं मला भांडायला जागाच ठेवली नाही.

पुढं माझं उदगीरला लग्न झालं. ते टायर फार वर्षं टिकले, काट्याकुट्यात त्यांनी कधीच दगा दिला नाही. अण्णा बारदान्याच्या पोत्यांवर म्हातारा झाला. आप्पा जाईपर्यंत दुकानात आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायचे, की पोराला साधं चाक बसवता आलं न्हाई, आणि अण्णा समोर बसून पोती मोजायचा. माहेरी गेले की मी तिथंच बसलेली असायचे, आप्पांचा चहा घेऊन. मी कधीच बोलले नाही.