आजारपणाची रजा

बसस्थानकाच्या नळावर ठेकेदाराच्या गाडीचा चालक रुमाल भिजवून कपाळाला बांधत होता.

"ताप आहे, तर घरी राहायचं," मी म्हणालो.

"घरी राहिलो तर उद्या गाडीवर दुसरा बसेल, काका."

ताप कुणालाही येतो. पण अंथरुणात पडून राहण्याचा हक्क कुणीतरी भांडून मिळवलेला असतो. इथे तो कामगार संघटनेने मिळवला होता. पुढे राज्यातल्या सत्ताधारी पक्षाला ती संघटना मोडून गाड्या ठेकेदाराला द्यायच्या होत्या. तेव्हा इथला आगारप्रमुख म्हणून मी अहवाल दिला, की तोट्याला कामगार जबाबदार आहेत. ते खोटं होतं. गाड्या बंद पडत, कारण सुटे भागच वरून येत नव्हते. त्या अहवालावर संघटना मोडली, गाड्या ठेकेदाराकडे गेल्या आणि आजारपणाची रजाही गेली.

हे मी त्याला सांगितलं. रुमालाची गाठ आवळत तो म्हणाला, "मला कशाला सांगता? तेव्हा कागदावर लिहिलंत ना? आताही कागदावरच लिहा."

तो प्रवासी घेऊन घाटाकडे निघाला. मी घरी येऊन हे लिहिलं आणि खाली सही केली.