काकांचं कोरडं स्टूल

माझे काका वायरमन. कुठेही कामाला गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मेन काढला का?" त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना 'मेनकाका' म्हणायची. मीही म्हणायचो, पण त्यांच्या पाठीमागे.

मेन बंद केल्याशिवाय ते वायरीला हात लावत नसत. पण काही दोष करंट चालू असतानाच सापडतात. तेव्हा काका चपला काढून आपल्या लाकडी स्टूलवर चढत. "कोरडं लाकूड करंट जाऊ देत नाही. ओलं झालं की फितूर होतं," असं मला सांगत. म्हणूनच त्या स्टूलला तीस वर्षांत पाणी लागलं नव्हतं. रंग, ग्रीस, पुट्टी, सगळं त्यावर वस्तीला होतं. काकू म्हणजे दाराच्या कड्या घासणारी बाई. तिच्या डोळ्यांत ते स्टूल सलायचं.

एक दिवस काका बाहेर गेले आणि काकूला राहवलं नाही. गरम पाणी, सोडा, घासणी घेऊन तिने स्टूल घासघास घासलं. डाग काही निघाले नाहीत, पाणी मात्र लाकडात मुरलं. वरून कोरडं लागल्यावर तिने ते जागच्या जागी ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात चालू करंटमधला दोष शोधायला काका त्यावर चढले, वायरीला हात लागला आणि ते खाली कोसळले. मनगट मोडलं. जीव वाचला, हेच नशीब.

"मेन काढायला विसरलो," काकांनी सगळ्यांना सांगितलं.

मग काय, लोकांना आयतंच सापडलं. "दिव्याखाली अंधार!" चहाच्या टपरीवर हसणाऱ्यांशी मी भांडलोसुद्धा. प्लॅस्टर निघालं, तरी कामाला कुणी बोलावेना. काका दिवसभर खिडकीत बसून पक्कड पुसत. माझ्याने बघवत नसे.

दोन महिन्यांनी छापखान्याचे मालक घरी आले. तिथल्या मीटरच्या खोलीची किल्ली तीस वर्षं काकांकडे असायची.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण मेन विसरणाऱ्याकडे किल्ली कशी ठेवायची?"

काकांनी किल्ली काढून दिली. तेवढ्यात काकू कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"ती किल्ली ठेवा खाली. ते काही विसरले नव्हते. मी स्टूल धुतलं होतं. आतून ओलं होतं ते."

काका दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दवाखान्यातून आलात ते हात गळ्यात बांधलेला, आणि आधी स्टूल उलटं करून उन्हात ठेवलंत. तीस वर्षांत कधी ठेवलं होतं? तेव्हाच कळलं मला. पण बोलायला जीभ रेटेना हो. तुमच्या नावाला बट्टा लागला आणि मी गप्प बसले!"

मालकांनी किल्ली टेबलावर ठेवली. "सोमवारी या, काका," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

काकू पदराने तोंड झाकून रडू लागली. काका उठले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं आणि त्यावर हात फिरवत म्हणाले, "एवढं सोड्याने घासलंस, एक तरी डाग निघाला का गं?"

काकू रडता रडता म्हणाली, "एकसुद्धा नाही."